रिकामा डबा परत करत नाहीत

वसुबारसेला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिली शुभेच्छा पडली आणि पाचव्या मिनिटाला मी माझं ठरलेलं वाक्य टाकलं : 'आता कसली दिवाळी!' हे वाक्य मी दरवर्षी टाकतो. त्याला काही लागत नाही. ना भाजणी, ना मोहन, ना गॅस. वर माणूस विचारवंत दिसतो. इतक्या कमी भांडवलात इतका नफा देणारा दुसरा धंदा माझ्या पाहण्यात नाही.

अनारशाचं बघा. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, निथळवा, कुटा, गुळात मळा, पीठ मुरवत ठेवा. एवढं करून तो तुपात 'हसला' की संपलं. हसणारा पदार्थ आणि रडणारी गृहिणी असं चित्र फराळात या एकाच ठिकाणी दिसतं. तिरकसपणाला ही भीती नाही. तो मुरवावा लागत नाही, बिघडत नाही आणि कोणी चाखून 'गूळ कमी पडला' म्हणत नाही.

फराळाबद्दल माझा एक सिद्धान्तही आहे. सोसायटीत चिवडा मुळात एकच. तो पहिल्या मजल्यावरून निघतो, तिसऱ्यावर जातो, शेजारच्या विंगेत मुक्काम करतो आणि भाऊबिजेपर्यंत मूळ घरी पोचतो, फक्त काजू वाटेत गळतात. मग ही वरात काढायची कशाला? ज्याने त्याने आपापला खावा. या सिद्धान्ताला जागून गेल्या वर्षी मी देवाणघेवाण बंद केली. समोरच्या काकूंचा डबा आला, फराळ खाल्ला (सिद्धान्तात खाण्याला बंदी नव्हती), डबा घासला आणि ओट्याखाली सारला. परत केला नाही, कारण रिकामा डबा परत करत नाहीत आणि भरायला घरात काही नव्हतं. बुडाशी टोचून लिहिलंय : 'वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट'. वर्षभर तो डबा माझ्याकडे बघत होता.

आमच्यासारख्या निराशावाद्यांचा एक दोष मात्र कबूल करायला हवा. आमची भाकितं खोटी ठरतात आणि आम्ही तीच पुन्हा छापतो. दिवाळी अंकाचंच घ्या. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. माझ्या आठवणीत तरी दर आश्विनात कोणीतरी या प्रकाराचं निधन जाहीर करतं : कागद महागला, जाहिराती आटल्या, वाचतो कोण? आणि मयत दर दिवाळीला नवे कपडे घालून स्टॉलवर हजर! हे मरण जाहीर करणारे लेखही बऱ्याचदा दिवाळी अंकातच येतात. मानधन घेऊन. मीही घेतलंय.

धनत्रयोदशीला पार्किंगमध्ये पोरं किल्ला करत होती. विटांचे तुकडे, वर गोणपाट, त्यावर चिखल, चिखलात पेरलेले हळीव. महाराज सिंहासनावर, तोफ बुरुजापेक्षा मोठी आणि पायथ्याच्या शेतात एक प्लास्टिकचा जिराफ. मी जाता जाता मापं काढली, "चार दिवसांचा किल्ला आणि केवढा हा खटाटोप!" चिखलाने कोपरापर्यंत माखलेल्या एका पोराने मान वर न करता विचारलं, "काका, तुमचा लेख किती दिवसांचा असतो?"

एका दिवसाचा असतो. दुसऱ्या दिवशी त्यावर चकल्या निथळतात.

पण आपला अनुभव पोराच्या तोंडाने मोडीत निघतो काय? मी सोसायटीच्या सभेला गेलो. विषय : वॉचमन आणि सफाईवाल्यांची पोस्त. घरटी दोनशे की तीनशे, यावर पाऊण तास गेला. मी नेहमीचा मुद्दा मांडला : पोस्त देऊन आपण फक्त मनाची शांतता विकत घेतो, खरा प्रश्न त्यांच्या पगाराचा आहे. मुद्दा बिनतोड होता. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "बरोबर बोलतोस. मग पगाराचा अर्ज तू लिही. तोवर तीनशे काढ." बिनतोड मुद्द्याला असंही उत्तर असतं, हे मला ठाऊक नव्हतं. अर्ज लिहावा लागला. पुढच्या सभेत तो मांडायचाही आहे, म्हणजे आणखी एक संध्याकाळ गेली.

इथेच माझी गोची झाली. फटाक्यांचा धूर खरा आहे, अडकलेला बोनस खरा आहे, सेलच्या नावाखाली होणारी लूटही खरी आहे. त्यावर बोललंच पाहिजे. पण मी आजवर बोलायचो ते काही करावं लागू नये म्हणून. 'यानं काय होणार?' या प्रश्नात सगळ्यात मोठी सोय हीच, की तो विचारला की खुर्चीतून उठावं लागत नाही.

हा प्रश्न धोंडो केशव कर्व्यांनाही विचारणारे असतीलच. 1896 साली त्यांनी विधवांसाठी आश्रमाची संस्था काढली, पुढे हिंगण्याला झोपडी बांधली आणि ते फर्ग्युसनमध्ये शिकवून संध्याकाळी चिखल तुडवत चालत तिकडे जायचे. दारोदार फिरून लहान लहान वर्गण्या गोळा केल्या. गृहस्थ गणिताचे प्राध्यापक. किरकोळ रकमांची बेरीज कुठवर जाते, हा हिशेब त्यांना माझ्याहून बरा येत असणार. 1958 साली, वयाच्या शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं. त्यांच्या संस्थेचा भाऊबीज निधी आजही गोळा होतो : आपल्या बहिणीच्या ओवाळणीबरोबर न पाहिलेल्या बहिणीची ओवाळणीही काढून ठेवायची. दरवर्षी पावतीपुस्तक दारात आलं की मी आतून 'घरात कोणी नाही' असं सांगायचो. स्वतःच्या आवाजात.

पाडव्याला मी ओट्याखालचा डबा काढला. चकल्या करायला बसलो. भाजणी विकतची, सोऱ्या आईचा, मोहन अंदाजाने. पहिला घाणा तेलात विरघळला. दुसऱ्याच्या चकल्यांना काटे आले, पण वेटोळी सुटून त्यांचे स्वल्पविराम झाले. त्यातल्या बऱ्यापैकी वीसेक निवडून डब्यात भरल्या आणि समोरची बेल वाजवली.

काकूंनी आधी डबा उलटा करून बूड पाहिलं. "अगंबाई! हा मी वर्षभर शोधतेय." मग झाकण उघडून एक तुकडा तोंडात टाकला. मी वाट पाहत उभा राहिलो. इतकी वर्षं दुसऱ्यांचं माप काढणाऱ्याला दारात उभं राहून स्वतःचं माप निघताना ऐकायची सवय नसते.

"मऊ पडल्यात," काकू म्हणाल्या. "मोहन जास्त झालं. आत ये, चहा टाकलाय."

चहा झाला, काकांच्या गुडघ्याची विचारपूस झाली, पुढच्या वेळी उकड कशी काढायची ते कळलं. निघताना काकूंनी माझ्या चकल्या ताटात ओतल्या, डबा आत नेला आणि भरून आणला. करंज्या, शेव आणि न हसलेले चार अनारसे.

म्हणजे डबा परत करायला गेलो होतो आणि डबा घेऊनच परत आलो. आता हा परत करायला पुन्हा जावं लागणार. आणि रिकामा तर करत नाहीत.