जरा सरकून घ्या

घरच्या कॉम्प्युटरवर आपोआप जाहिराती उगवायला लागल्या की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: ‘मी काही केलं नाही.’ साठीपुढचा माणूस हे इतक्या ठामपणे म्हणतो की कोर्टात असता तर न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडून वर चहा पाजला असता. आमचे आगाशीचे मामा तर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं ‘मी काही केलं नाही’ अशा सुरात येतं की ऐकणाऱ्यालाच वाटावं, आपण काहीतरी केलंय.

मामांचा कॉम्प्युटर माझ्या गळ्यात कसा पडला हे वेगळं सांगायला नको. प्रत्येक कुटुंबात एकाची ‘कॉम्प्युटरमधला’ म्हणून नेमणूक होते. त्याच्या शिक्षणाशी किंवा नोकरीशी तिचा संबंध नसतो. मी अंधेरीला एका कचेरीत हिशेब तपासतो. पण कधीकाळी मामींच्या मोबाइलचा आवाज वाढवून दिला होता, तेवढ्यावर कायम झालो.

मामा कुलवृत्तांत लिहिताहेत. वसईतल्या प्रत्येक जुन्या घरात १७३९ साली चिमाजी अप्पांबरोबर किल्ल्याच्या तटावर चढलेला एक तरी पूर्वज असतो. एवढी सगळी माणसं खरंच चढली असती तर तट वजनानेच बसला असता, सुरुंग उडवायची गरज नव्हती. मामांच्या वृत्तांतात असे दोन आहेत. पहिली काही प्रकरणं विरारच्या एका डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून दिली होती. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरात नसेल तिथे मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांची खिचडी दिसते. तटावर चढलेल्या वीराचं नाव दोन कंस आणि एक टक्क्याची खूण एवढंच उरलेलं पाहून मामा हबकले, आणि त्यांनी ‘मराठी फॉन्ट फ्री डाउनलोड’ असं शोधलं. पुढचा इतिहास त्या ‘फ्री’ने घडवला.

असल्या पानांवर ‘डाउनलोड’ लिहिलेली चार-पाच हिरवी बटणं असतात. सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत हिरवं असतं ते बहुधा जाहिरातीचं. खरं बटण खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, अंग चोरून बसलेलं असतं. मोठ्या बटणातून फॉन्ट उतरत नाही, ‘डाउनलोड मॅनेजर’ नावाचे एक गृहस्थ उतरतात. ते फॉन्ट आणून देतातही, म्हणजे संशयाला जागा नको. पण बरोबर चार पाहुणे आणतात, आणि प्रत्येक पाहुण्यासाठी रीतसर परवानगी मागतात. एक चौकट येते, सोबत अमुक टूलबार बसवू का म्हणून. होकाराची खूण आधीच केलेली असते. ‘पुढे’ हे बटण निळं, ठसठशीत, ‘नको’ फिक्या राखाडीत. त्याआधी दोन वाटा दाखवतात: एक ‘झटपट’, शिफारस केलेली; दुसरी ‘कस्टम’, तज्ज्ञांसाठी. पाहुण्यांना दारातूनच परत पाठवायची सोय असते ती या दुसऱ्या वाटेवर. पण स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेणं आपल्यात बरं दिसत नाही, त्यामुळे सभ्य माणूस झटपट जातो.

विरार लोकलमधली चौथी सीट अशीच मिळवतात. तिघांच्या बाकाशी येणारा चौथा कधी दांडगाई करत नाही. ‘जरा सरकून घ्या,’ म्हणतो. आपण सरकतो, कारण न सरकणं वाईट दिसतं. बोरिवलीला तो बाकाच्या कडेला टेकलेला असतो, भाईंदरला ऐसपैस बसतो, आणि खाडी ओलांडून नायगाव येईपर्यंत त्याची बॅग आपल्या मांडीवर, त्याचा पेपर आपल्या नाकासमोर असतो आणि तोच आपल्याला विचारतो, ‘तुम्हाला उतरायचंय का?’ जाहिराती दाखवायला घुसणारं हे सॉफ्टवेअर, म्हणजे अ‍ॅडवेअरही कडीकोयंडा तोडून आत येत नाही. विचारून येतं. म्हणून तर सुरक्षा कंपन्या त्याला सरळ व्हायरस म्हणायला कचरतात. म्हटलं तर बनवणारा कोर्टात जायचा आणि सांगायचा, ‘यांनीच तर पुढे दाबलं.’

यात पैसा कुठे आहे, तर प्रत्येक बसवणुकीत. ज्याचा टूलबार आपल्याकडे बसतो तो बसवणाऱ्याला दर कॉम्प्युटरमागे दलाली देतो, आणि मग आपल्या डोळ्यांपुढे जाहिराती नाचवून ती वसूल करतो. हा धंदा फक्त गल्लीबोळातल्या साइटी करतात असंही नाही. जावासारख्या जगन्मान्य सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमध्येही आस्क टूलबारची खूण वर्षानुवर्षं आधीच केलेली असायची. आणि १९९९ च्या सुमाराला आलेला बोन्झी बडी ज्यांना आठवतो त्यांना माझा दंडवत. पडद्यावर एक जांभळा गोरिला फिरायचा, विनोद सांगायचा, गाणी म्हणायचा, आणि मधूनच खरेदीच्या गोष्टी काढायचा. लहान मुलांकडून आईबापांना न विचारता माहिती गोळा केली म्हणून २००४ मध्ये त्याच्या मालकांना अमेरिकेत ७५,००० डॉलर भरावे लागले. गोरिलाने किती विनोद सांगितले त्याची नोंद नाही.

मामांच्या पडद्यावर गोरिला नव्हता, बाकी सगळं होतं. ब्राउझर उघडला की भलतंच पान यायचं. काही शोधायला गेलं की कधी न ऐकलेल्या नावाचं शोधयंत्र पुढे व्हायचं आणि पहिल्या दहा उत्तरांत नऊ जाहिराती दाखवायचं. खाली उजव्या कोपऱ्यात लाल चौकट यायची: ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये २,३४७ दोष सापडले आहेत. आत्ताच दुरुस्त करा.’ मामांचा आक्षेप वेगळाच होता. ‘दोष कुठले ते लिहायला नको? नुसता आकडा टाकून पेपर परत दिला असता तर मी त्या शिक्षकाला उभा केला असता.’

पण मला तातडीने बोलावणं आलं ते या दोषांसाठी नव्हे. एका दुपारी मामा वामकुक्षी घेत होते आणि मामी उंबरगोठणच्या बहिणीला पाठवायचा एक फोटो शोधत कॉम्प्युटरवर बसल्या होत्या. पडद्यावर चौकट उगवली, आत फोटोसकट इंग्रजी मजकूर. अर्थ असा की बोईसरमधल्या एकट्या स्त्रिया तुमच्याशी बोलायला उत्सुक आहेत.

मामींनी मामांना उठवलं.

‘बोईसरला कोण आहे?’

‘कुठे?’

‘बोईसरला. तुम्ही निवडणुकीच्या ड्युटीला गेला होतात.’

‘अगं, मी काही केलं नाही!’

या खेपेला मात्र त्यांना चहा मिळाला नाही.

मी पोहोचल्यावर दोघांना समोर बसवून समजावलं. जाहिरात दाखवणाऱ्याला मामा कोण हे माहीत नसतं. इंटरनेटच्या जोडणीला एक आकडी पत्ता असतो, त्यावरून तो गाव ओळखायचा अंदाज करतो, आणि तो अंदाज चाळीस-पन्नास किलोमीटर इकडेतिकडे सहज होतो. हीच जाहिरात पुण्याच्या माणसाला पुण्याच्या नावाने दिसते. बाई तीच, फोटो तोच. मामींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे बोईसरला नाही. इथेच कुठेतरी जवळ आहे.’

मामेभाऊ बोळिंजच्या नव्या टॉवरमध्ये राहतो. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला नवी वस्तू हे एकच उत्तर असतं. ‘दादा, नवा लॅपटॉप घेऊन टाकू,’ तो म्हणाला. त्याला सांगितलं, बाबा रे, २०१५ च्या फेब्रुवारीत उघडकीला आलं की लेनोवोच्या काही कोऱ्या लॅपटॉपांत सुपरफिश नावाचं अ‍ॅडवेअर कारखान्यातूनच बसवलेलं होतं. खोक्याची चिकटपट्टी निघायच्या आधी पाहुणा आत. शिवाय ते बँकेच्या वगैरे सुरक्षित पानांच्या आणि आपल्या मध्ये स्वतःचं प्रमाणपत्र घुसवायचं, म्हणजे जाहिरातींच्या हौसेपायी कुलूपच सैल. तेव्हा नवं म्हणजे निर्मळ असं नसतं. भावाला वाटलं मी पैसे वाचवायला सांगतोय. तेही होतंच.

मामांना एकाच गोष्टीने बरं वाटलं. २०१७ च्या जूनमध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने फायरबॉल नावाच्या चिनी अ‍ॅडवेअरचा हिशेब मांडला होता. जगभरात २५ कोटी कॉम्प्युटर बाधित, त्यातले २ कोटी ५३ लाख भारतात, म्हणजे देशांच्या यादीत आपण पहिले. मायक्रोसॉफ्टने लगेच म्हटलं की हे आकडे फुगवलेले आहेत. ‘बघ,’ मामा म्हणाले, ‘आपला पहिला नंबर आला की कुणाला बघवत नाही.’

उपसणं सुरू केलं. अ‍ॅडवेअर काढायचा साधा क्रम आहे, पण तो पाळावा लागतो. आधी बसवलेल्या प्रोग्रॅमांची यादी तारखेने लावायची. ज्या दिवशी फॉन्ट आला त्याच दिवशी कोण कोण आलं ते एका रांगेत दिसतं. नावं अशी साळसूद की काढायला हात धजू नये: अमुक ऑप्टिमायझर, तमुक हेल्पर, वेदर का काहीसं. मामी म्हणाल्या, ‘हवामानाचं राहू दे ना.’ नाही ठेवलं. जाता जाता यातला एकेक जण विचारतो, ‘खरंच काढायचं? आम्ही कुठे कमी पडलो?’ आणि इथेही ‘ठेवा’ हेच बटण ठळक. मग ब्राउझरमधली एक्स्टेन्शनं, पहिलं पान, शोधयंत्र. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चित्रावर उजवी टिचकी मारून गुणधर्म बघायचे, कारण तिथल्या पत्त्याच्या शेपटीला हे लोक स्वतःच्या पानाचा पत्ता बांधून ठेवतात. आपण शंभरदा सेटिंग बदलतो आणि पान शंभरदा परत येतं ते बरेचदा त्या शेपटीमुळे. तसंच टास्क शेड्यूलर. नोकरी सोडून गेलेल्याने रोज सकाळी परत हजर व्हायची व्यवस्था तिथे करून ठेवलेली असते.

इथवर आलो आणि लाइट गेली. आगाशीत ती जाण्याला कारण लागत नाही. इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि देवघरातला दिवा एवढंच आहे. मामींनी सुकेळी आणि चहा पुढे केला. वसईच्या राजेळी केळ्यांची ती उन्हात वाळवलेली, मधासारखी गोडी जिभेवर असताना कुठल्याही सॉफ्टवेअरचा राग टिकत नाही.

लाइट आल्यावर अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर चालवलं. २०१६ पासून ते मालवेअरबाइट्स कंपनीकडे आहे, फुकट आहे, आणि याच कामासाठी आहे. मात्र तेही त्यांच्याच साइटवरून घ्यावं. शोधयंत्रात नाव टाकून पहिल्या जाहिरातीवर गेलात तर साफसफाईच्या वेशात तेच पाहुणे पुन्हा दारात. त्याने उरलंसुरलं झाडून काढलं. तरी कोपऱ्यातली लाल चौकट येतच राहिली!

ती मुळी अ‍ॅडवेअरची नव्हतीच. हल्ली सगळ्यात जास्त छळणारी जात ही आहे: एखादं पान म्हणतं, ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा.’ माणूस रोबो नसल्याच्या अभिमानाने दाबतो. ती प्रत्यक्षात सूचना पाठवायची परवानगी असते, आणि मग ते पान बंद असलं तरी ब्राउझर त्याच्या चिठ्ठ्या कोपऱ्यात डकवत राहतो. काही बसलेलंच नसतं, त्यामुळे स्कॅनरला काही सापडत नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सूचनांची यादी उघडून नावं खोडली की संपलं. मामांच्या यादीत बरीच नावं होती. मामा म्हणाले, ‘मला शाळेत कधी कुणी माणूस असल्याचा पुरावा मागितला नव्हता. बरं वाटलं म्हणून दिला.’

चांगला अँटिव्हायरस घ्यावा का, हे मामांनी विचारलं तेव्हा विषय क्विक हीलवर गेला, कारण ती मराठी माणसांची कंपनी हे त्यांना माहीत होतं. कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकटे संजय कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांत व्हायरस भेटायला लागले तेव्हा संजयनी ते मारणारे प्रोग्रॅम लिहिले, आणि नव्वदच्या दशकातल्या त्या दुकानाची कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात पोहोचली. मामांनी हे वृत्तांताच्या वहीत टिपून घेतलं. काटकरांशी आपलं नातं नाही हे मी दोनदा सांगितलं. सरकारचंही एक सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ साली निघालेलं, तिथे साफसफाईची साधनं फुकट मिळतात. हे ऐकून मामी म्हणाल्या, ‘कचऱ्याची गाडी वेळेवर आली तरी पुष्कळ.’

गंमत पुढेच आहे. मामांना जे हवं होतं त्यातलं काहीही उतरवायची गरज नव्हती. मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये असतोच. २०१९ पासून तर इंग्रजी अक्षरांनी लिहिलं की मराठी उमटणारा फोनेटिकही आहे. पीडीएफ करायची सोय त्यातच आहे. ऐटीत छापायला अक्षर हवं तर मुंबईच्या एक टाइप मंडळींचे मुक्ता आणि बालू गूगल फॉन्ट्सवर उघडपणे फुकट मिळतात. राहिली ती जुनी प्रकरणं. डीटीपीवाल्याला फोन केला, त्याने युनिकोडमध्ये बदलून संध्याकाळी पाठवली. दोन्ही पूर्वज तटावर पुन्हा नावानिशी उभे राहिले.

शेवटचा उपाय मात्र घरात वादळ करून गेला. मामांचं खातं मी साधं करून टाकलं आणि नवीन काही बसवायचा पासवर्ड मामींकडे दिला. ‘माझ्या घरात, माझ्या पेन्शनीतून घेतलेल्या मशिनवर मला परवानगी?’ मामांनी विचारलं. मामींनी पासवर्ड कागदावर लिहून पदराला गाठ मारली. ‘बोईसरचं काय ते आधी कळू दे,’ म्हणाल्या.

मामा तेव्हापासून इतके सावध झाले की कुठलीही चौकट दिसली की ‘नको’. वीजबिलाची आठवण, नको. प्रिंटरमध्ये कागद संपला, नको. कॉम्प्युटरचं स्वतःचं, खरंखुरं सुरक्षा अपडेट रोज अदबीने विचारत होतं, त्यालाही हे रोज ‘नंतर’ म्हणत राहिले. शेवटी ते एका रात्री कुणाला न विचारता आपलं आपण बसलं आणि मशिन बंद होऊन चालू झालं. सकाळी साडेसहाला मी विरारच्या तीन नंबरवर गाडीची वाट बघत उभा, तेवढ्यात फोन.

‘अरे, हा कसला सुधारलेला कारभार? रात्रीत घुसला, पाटीपडदा सगळं बदललं, माझं उघडं प्रकरण मिटवलं, एका शब्दाने विचारलं नाही. तुझी ती चोरटी मंडळी परवडली. ती निदान विचारून तरी यायची!’