आराखडेबुवा

‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळजहाजांचा संगणक-खेळ खेळणाऱ्यांत लढवय्ये असतात, व्यापारी असतात, भामटे तर पोत्यानं असतात. आणि अधूनमधून एखादे आराखडेबुवा असतात. या खेळात आजवर काय केलंत, असं बुवांना विचारलं तर उत्तर एका वाक्यात आटपतं. पुढे काय करणार, असं विचारलं तर चहा दोनदा होतो.

दोष सगळा त्यांचा नाही. आइसलँडच्या सीसीपी कंपनीनं २००३ साली हा खेळ आणला तोच अशा बेतानं, की आपल्या पात्राला कौशल्य शिकायला बसवायचं आणि आपण उठून कामाला जायचं. संगणक बंद असला तरी शिकणं चालूच. फक्त दिवस खरे मोजायचे. प्रत्येक कौशल्याच्या पाच पायऱ्या. साध्यात साध्या कौशल्याची पहिली पायरी २५० गुणांची, पाचवी गाठेपर्यंत एकूण २,५६,०००. चौथी पायरी चढून घाम पुसावा, तर ऐंशी टक्क्यांहून जास्त वाट अजून शिल्लक! आणि तोफांच्या काही कौशल्यांत त्या शेवटच्या पायरीवर पदरात पडतो दोन टक्के जादा मारा. शहाणा माणूस चौथीवर थांबतो. बुवा पाचवी लावतात. मग त्या तोफा डागतात का? छे, तोवर आराखड्यात पुढचं जहाज आलेलं असतं.

पात्राला बुद्धी, स्मरणशक्ती, नजर, इच्छाशक्ती आणि छाप असे पाच गुणधर्म असतात. त्यांची फेरवाटणी साधारण वर्षातून एकदाच करता येते. म्हणून बुवांचं एक अख्खं वर्ष नजरेचं आणि इच्छाशक्तीचं, पुढचं बुद्धीचं आणि स्मरणशक्तीचं. छाप व्यापार, नेतृत्व अशा मोजक्याच कौशल्यांना लागते, म्हणून ती कायम तळाला, १७ वर. घरच्यांना हा आकडा कुणी सांगितलेला नाही, तरी त्यांचा अंदाज साधारण तेवढाच आहे.

२००९पर्यंत कौशल्यांची रांगसुद्धा लावता येत नसे. एक संपलं की स्वतः हजर राहून दुसरं सुरू करायचं. पहाटे तीनचा गजर लावून उठायचे ते दिवस बुवा अजून तुरुंगवास भोगलेल्या सत्याग्रहीच्या सुरात सांगतात.

जानेवारी २०१४मध्ये बी-आर५आरबी या ताराप्रणालीत एकवीसेक तास महायुद्ध पेटलं आणि ७५ टायटन जहाजं खाक झाली. बुवा कुठे होते? पात्र स्थानकात सुखरूप, आणि बुवा आराखड्यात टायटनची तारीख चार दिवस अलीकडे ओढण्यात गर्क.

खरा घाव बसला २०१६मध्ये. शिकलेले गुण पात्रातून काढून बाजारात विकायची सोय कंपनीनं केली. कालचं पोर पैसे टाकून बुवांच्या वर्षावर्षांच्या तपाशेजारी येऊन बसू लागलं. खेळ सोडण्याची भाषा बुवांनी तेव्हा केली. पण रांगेत एक पाचवी पायरी अर्धवट होती, तेवढी होईपर्यंत थांबले. मग दुसरी लावली.

तुमच्या ओळखीत असे कुणी असतील, तर जहाज कधी उडवणार हे विचारू नका. कोणतं कौशल्य चालू आहे, एवढंच विचारा. आणि आपल्याकडच्या दुपारी साडेचारला जा. रोज त्या वेळी देखभालीसाठी सर्व्हर बंद होतो.