आजोबा आत, मित्र बाहेर

पोटावर पालथं पडायचं, डोकं पुढे, हनुवटी बर्फापासून चार बोटांवर, आणि ताशी १३० किलोमीटरच्या वेगाने उतारावरून सुटायचं. स्लेजला ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. वळायचं असेल तर खांदा दाबा, गुडघा दाबा. अगदीच गळ्याशी आलं तर बुटाचं टोक बर्फाला टेकवा आणि तेवढ्यापायी पदक घालवा, कारण इथे हिशेब शतांश सेकंदांचा. स्केलेटन म्हणतात ह्याला. आपला हिमाचलचा शिवा केशवन सहा ऑलिंपिक घसरला, पण तो ल्यूजवाला. ल्यूजमध्ये निदान पाय पुढे असतात. हा उद्योग एकोणिसाव्या शतकात सेंट मॉरिट्झला थंडी घालवायला जमणाऱ्या पाहुण्यांनी सुरू केला. रिकामपण माणसाला कुठवर नेतं बघा.

डोकंच पुढे, म्हणून भांडणंही डोक्यावरूनच. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये व्हिस्लरला ब्रिटनच्या एमी विल्यम्सच्या हेल्मेटवर उंचवटे होते. त्यामुळे हवा कापली जाते, अशी प्रतिस्पर्ध्यांची तक्रार. तक्रार फेटाळली, बाईंनी सुवर्णपदक नेलं. २०२६ च्या ऑलिंपिकमध्ये, इटलीतल्या कोर्तिनाला, पुन्हा ब्रिटनचंच हेल्मेट. त्याचा मागचा आकार स्केलेटनच्या महासंघाला खपला नाही. ब्रिटन क्रीडा लवादाकडे गेला आणि तिथेही हरला. मग मॅट वेस्टनने जुनंच हेल्मेट घातलं आणि सुवर्णपदक जिंकलं. म्हणजे नव्या हेल्मेटवर जे डोकं खपवलं, त्याची गरज मुळात नव्हतीच.

ही झाली आकाराची भांडणं. ती समजतात तरी. खरी गंमत चित्रांची.

युक्रेनचा व्लादिस्लाव हेरास्केविच कोर्तिनाला एक करड्या रंगाचं हेल्मेट घेऊन आला. त्यावर चेहरे होते, वीसहून जास्त. सगळे युक्रेनचे खेळाडू आणि प्रशिक्षक, सगळे युद्धात गेलेले. फिगर स्केटर दिमित्रो शारपार आघाडीवर मारला गेला. वेटलिफ्टर अलिना पेरेहुदोव्हा मारियुपोलमध्ये गेली, वय वर्षं १४. घोषणा नाही, कोणाला शिवी नाही, कोणत्या देशाचं नाव नाही. नुसते चेहरे. सरावात त्याने हे हेल्मेट घातलं, वेळही चांगली दिली. मग ऑलिंपिक समितीला जाग आली.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. तुमच्या भावनेबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही, म्हणाले. फक्त ती स्पर्धा चालू असताना दिसू नये. दंडाला काळी पट्टी बांधा. शर्यत संपल्यावर हेल्मेट हातात घेऊन पत्रकारांना दाखवा. आमच्याकडच्या हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी असंच बोलतात: श्रद्धांजलीचा बोर्ड लावा की, कोण नाही म्हणतंय, फक्त मेन गेटवर नको, मागे पंपाच्या खोलीजवळ लावा.

हेरास्केविच ऐकेना. १२ फेब्रुवारीला सकाळी समितीच्या अध्यक्ष कर्स्टी कॉव्हेंट्री स्वतः ट्रॅकवर गेल्या, त्याला भेटल्या, समजावलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि हा गडी बाद. आधी त्याचं ओळखपत्र काढून घेतलं, मग अध्यक्षांच्या सांगण्यावरून परत दिलं. खेळायचं नाही, पण वावरायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी लवादानेही तोच निकाल कायम केला. शिक्षा देताना रडण्याची ही सोय आपल्याकडच्या अधिकाऱ्यांना अजून सुचलेली नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

आता स्केलेटनच्या हेल्मेटवर आजवर काय काय चाललं ते पाहू. २०१८ मध्ये प्याँगचांगला कोरियाचा युन सुंग-बिन आयर्न मॅनचं हेल्मेट घालून उतरला. लाल-सोनेरी, हुबेहूब सिनेमातलं. हॉलिवूडच्या एका कंपनीची दोन दिवस फुकट जाहिरात झाली, गड्याने १.६३ सेकंदांनी सुवर्णपदक जिंकलं, आणि जगाने त्याला डोक्यावर घेतलं. त्याच शर्यतीत घानाच्या अक्वासी फ्रिम्पाँगच्या हेल्मेटवर सिंहाच्या जबड्यातून निसटणारा ससा होता. बिचारा शेवटचा आला, पण सशावर कोणी आक्षेप घेतला नाही. अमेरिकेच्या केटी उलेंडरचं हेल्मेट म्हणजे गरुडाचं डोकं. तो तर त्यांच्या देशाचा पक्षी. त्यातही कोणाला राजकारण दिसलं नाही.

थोडक्यात, कधीच न जन्मलेला नायक चालतो. ससा चालतो. जी १४ वर्षांची मुलगी खरोखर होती, ती चालत नाही.

समितीची अडचण अगदीच खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. ऑलिंपिक सनदेचा नियम ५० राजकीय, धार्मिक, वांशिक प्रचाराला मनाई करतो. जगात युद्धं कमी नाहीत. एकाला सोडलं की उद्या प्रत्येक जण आपापले मृत घेऊन येईल. मुद्दा रास्त आहे. पण मग २०२२ चं काय? ११ फेब्रुवारीला बीजिंगमध्ये ह्याच हेरास्केविचने शर्यत संपल्यावर कॅमेऱ्यासमोर कागद धरला होता: युक्रेनमध्ये युद्ध नको. तो कागद उघड राजकीय, त्यावर देशाचं नाव लिहिलेलं. समिती म्हणाली, ही शांततेची सर्वसाधारण हाक आहे, विषय संपला. तेरा दिवसांनी युद्ध पेटलं. युद्ध नको म्हणायला परवानगी आहे. युद्ध झालं, आणि त्यात ही ही माणसं मेली, असं दाखवायला नाही.

समिती एरवी एवढी कडक असते असंही नाही. ज्या ट्रॅकवर हे सगळं घडलं त्याचीच गोष्ट घ्या. इटलीने २००६ च्या तोरिनो ऑलिंपिकसाठी चेझाना इथे असाच ट्रॅक बांधला आणि काही वर्षांतच बंद केला. म्हणून समितीने ह्या वेळी सुचवलं होतं, की नवा बांधू नका, शेजारच्या देशातला आयता ट्रॅक वापरा. इटलीने ते ह्या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं, झाडं तोडली आणि १० कोटी युरोंहून जास्त खर्चून नवा ट्रॅक उभा केला. समितीने हात जोडले आणि फीत कापायला आली. सिमेंटपुढे नमतं घेता येतं. हेल्मेटपुढे मात्र तत्त्व आडवं येतं.

आणि आता जिम शे. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला स्केलेटन ५४ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परतलं. शे ०.०५ सेकंदांनी सुवर्णपदक जिंकला. स्लेज थांबताच त्याने हेल्मेटच्या आतून एक फोटो काढला आणि साऱ्या जगासमोर नाचवला. फोटो आजोबांचा, जॅक शे यांचा. खेळ सुरू व्हायला तीन आठवडेही उरले नव्हते, तेव्हा ते मोटार अपघातात गेले होते, वयाच्या ९१ व्या वर्षी. लोक रडले. हे दृश्य ऑलिंपिकच्या आठवणींत आजही दाखवतात. मृताचा फोटो, हेल्मेटमध्ये, स्पर्धेच्या जागी, कॅमेऱ्यासमोर. नियम ५० त्या दिवशी बहुधा रजेवर होता. की चेहरा आत ठेवला तर शोक, आणि बाहेर लावला तर प्रचार?

हे आजोबाही साधे नव्हते. १९३२ मध्ये लेक प्लॅसिडला त्यांनी स्पीड स्केटिंगची दोन सुवर्णपदकं जिंकली. खेळाडूंच्या वतीने शपथही त्यांनीच घेतली होती. पुढची हिवाळी ऑलिंपिक १९३६ मध्ये हिटलरच्या जर्मनीत, गार्मिश-पार्टेनकिर्खेनला. जॅक शे गेले नाहीत. नाझी राजवटीचा निषेध म्हणून घरी राहिले. ज्याचा फोटो पाहून ऑलिंपिक परिवाराचे डोळे पाणावले, त्या माणसाने त्याच ऑलिंपिकला राजकारणासाठी नकार दिला होता.

पुढची हिवाळी ऑलिंपिक २०३० मध्ये, फ्रेंच आल्प्समध्ये. चार वर्षं हातात आहेत. तोवर समितीने एवढं एकच करावं: मेलेल्या माणसाचा फोटो हेल्मेटच्या आत किती, बाहेर किती, आणि माणूस अपघातात गेला असेल तर काय, क्षेपणास्त्राने गेला असेल तर काय, ह्याचा तक्ता छापून प्रत्येक खेळाडूच्या हातात द्यावा. म्हणजे कोर्तिनासारखं ऐनवेळी कोणाला रडावं लागणार नाही.