किनारा तिथे गुडगाव

देशाच्या राजधानीत एक बोट क्लब आहे, हे महाराष्ट्रात फारसं कुणाला ठाऊक नसतं. इंडिया गेटजवळच्या पाण्याला आणि हिरवळीला हे नाव पडलं, पण या क्लबाचा लौकिक वल्ह्यांपेक्षा घोषणांमुळेच जास्त झाला. ऑक्टोबर 1988मध्ये महेंद्रसिंह टिकैत पश्चिम उत्तर प्रदेशातले लाखो शेतकरी घेऊन इथे आले आणि मुक्काम ठोकून बसले. हिरवळीवर चुली पेटल्या, ट्रॉल्या लागल्या, हुक्के गुडगुडले आणि राजीव गांधींच्या सरकारची झोप उडाली. उघड्या आभाळाखाली, पाण्याकाठी, हुक्का ओढत, रात्र रात्र जागत. आज असल्या कार्यक्रमाला कव्हर चार्ज पडतो आणि वर सर्व्हिस चार्ज. टिकैतांनी तो फुकटात करून दाखवला, म्हणूनच बहुधा पुढे बोट क्लबावरचे मेळावे बंद झाले.

दिल्लीला समुद्र नाही, हे दुःख दिल्लीकर चारचौघांत बोलून दाखवत नाही. त्याच्याकडे संसद आहे, सुप्रीम कोर्ट आहे, छोले-भटुरे आहेत. पण मराठी माणूस भेटला की त्याची खपली निघते. नोएडातल्या आमच्या सोसायटीत मी एकटाच 'समुंदरवाला'. मी सोलापूरचा आहे, हे सांगून पाहिलं. सोलापुरात समुद्र राहू दे, नळाला पाणी किती दिवसांआड येतं तेही सांगून पाहिलं. उपयोग शून्य. शेजाऱ्यांच्या नकाशात महाराष्ट्र म्हणजे जुहू, आणि जुहूची वाळू संपली की लगेच गोवा. त्यामुळे दिवाळीचे फटाके वाजले, आकाश राखाडी झालं, की संध्याकाळी लिफ्टमध्ये मला गाठून विचारणा सुरू होते: कुठला बीच, कुठली बोट, आणि रात्री काय?

समुद्र येत नाही म्हटल्यावर दिल्ली-एनसीआरने तो घरच्या घरी करून पाहिला नाही, असं मात्र नाही. ग्रेटर नोएडात परी चौकाजवळ 'ग्रँड व्हेनिस' नावाचा मॉलच आहे. आत कालवा, कालव्यावर पूल, पुलाखालून गोंडोला. आई, बाबा, दोन मुलं आणि आजी, असं भरलं कुटुंब त्यात बसून दुकानांच्या ओळीतून जलमार्गाने जातं आणि आजी काठाला घट्ट धरून राम राम म्हणते. इटलीतलं व्हेनिस म्हणे हळूहळू बुडत चाललंय. ग्रेटर नोएडातल्याला ती भीती नाही. इथे पाणी किती ठेवायचं ते मेंटेनन्सवाला ठरवतो.

ज्यांना निसर्ग हवा त्यांच्यासाठी उत्तर दिल्लीत भलस्वा तलाव आहे, घोड्याच्या नालेसारखा वळलेला. कोकणातल्यासारखीच रचना: एकीकडे पाणी, एकीकडे डोंगर. डोंगर कचऱ्याचा आहे एवढाच फरक. तीसेक वर्षं दिल्लीने खाल्लं, प्यायलं, फेकलं, ते सगळं तिथे रचून ठेवलेलं आहे. एप्रिल 2022मध्ये हा डोंगर पेटला आणि कित्येक दिवस धुमसत राहिला. कोकणात डोंगर आणि पाणी यांच्या मध्ये पोफळी असतात, इथे मध्ये कचरा वेचून पोट भरणाऱ्यांच्या वस्त्या आहेत. त्यांना कुणी विचारत नाही की रात्री काय.

आणि यमुना? यमुना आहे की. कायद्याने तर ती 2016पासून राष्ट्रीय जलमार्ग आहे, क्रमांक 110, जगतपूरपासून थेट प्रयागराजपर्यंत. प्रत्यक्षात वजिराबादच्या बंधाऱ्याखाली नजफगढचा नाला येऊन मिळतो आणि तिथून पुढे जे वाहतं त्याला नदी म्हणायला भक्तीच लागते. वजिराबाद ते ओखला हा 22 किलोमीटरचा तुकडा म्हणजे यमुनेच्या एकूण लांबीचा जेमतेम दोन टक्के. नदीतली निम्म्याहून कितीतरी जास्त घाण एवढ्यात मिसळते. या बाबतीत दिल्लीची कार्यक्षमता वादातीत आहे.

म्हणून मार्च 2025मध्ये यमुनेत क्रूझ चालवायचा करार झाला, तेव्हा मार्ग मोठ्या अकलेने निवडला गेला: सोनिया विहार ते जगतपूर, सुमारे चार किलोमीटर. दोन्ही ठिकाणं वजिराबादच्या वर. म्हणजे पर्यटकाला यमुना दाखवायची ती दिल्लीची भेट होण्यापूर्वीची. मुलगी दाखवताना घराची मागची खोली बंद ठेवतात, तसं.

बंधाऱ्याखालची यमुना मात्र बिनतिकीट आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कालिंदी कुंजला जा. ओखला बंधाऱ्यावरून पाणी आपटतं, त्यातला साबण आणि सांडपाणी घुसळलं जातं आणि खाली पांढराशुभ्र फेस तरंगू लागतो, थेट आर्क्टिकमधल्या हिमखंडांसारखा. छठच्या दिवशी बायका त्या फेसात कमरेइतक्या उभ्या राहून सूर्याला अर्घ्य देतात. काठावरून फोटो काढणारे असतातच. फोटो नंतर रंग वाढवून टाकला की ओळखीचे लोक विचारतात, मालदीव का?

एकदा नदी स्वतःहून गावात आली होती. 13 जुलै 2023 रोजी जुन्या लोखंडी पुलापाशी पाणी 208.66 मीटरवर गेलं. 1978चा विक्रम मोडला. लाल किल्ल्याच्या भिंतीला पाणी लागलं, रिंग रोडवर रबरी होड्या फिरल्या. नदीकाठच्या खादरात भाजी पिकवणारी कुटुंबं म्हशींसकट रस्त्याकडेच्या तंबूंत आली आणि कित्येक दिवस तिथेच राहिली. उंचावरच्या दिल्लीकरांना मात्र त्या आठवड्यात शोध लागला की आपल्या गावाला नदी आहे. पाणी ओसरलं, शोधही ओसरला.

राहता राहिली रात्र. दिल्लीच्या कायद्यानुसार दारू प्यायला 25 वर्षं पुरी लागतात. मतदान अठराव्या वर्षी, घोड्यावर बसून बोहल्यावर चढायला एकविसावं पुरे, पण स्वतःच्या लग्नाच्या पार्टीत बियर प्यायला नवरदेवाने आणखी चार वर्षं थांबायचं. थांबतो कोण? हरियाणाने 2021मध्ये हे वय 21वर आणलं, उत्तर प्रदेशात ते 21च आहे. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी दिल्लीची तरुणाई सीमोल्लंघनाला निघते. अर्धी गुडगावला, अर्धी नोएडाला. दिल्लीतच राहणाऱ्यांसाठी हौज खास आहे. अलाउद्दीन खिलजीने तलाव खोदला, फिरोजशहा तुघलकाने गाळ उपसून तो जिता केला आणि काठावरच मदरसा बांधून शेजारी स्वतः कायमचा आडवा झाला. आता त्याच्या मकबऱ्यामागच्या गल्लीत गच्चीगच्चीवर बार आहेत. गाळ उपसण्याचं पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होईल सांगता येत नाही.

एवढं सगळं करून तहान भागत नाहीच. गोव्याला अठराव्या वर्षी पिता येतं, हे एक कारण. हवा हे दुसरं, आणि ते खरं आहे. नोव्हेंबर 2020मध्ये सोनिया गांधीही डॉक्टरांच्या सल्ल्याने दिल्लीची हवा सोडून गोव्याला गेल्या होत्या. पूर्वी क्षयाच्या रोग्याला हवापालटासाठी मिरजेला धाडत, आता अख्ख्या साउथ दिल्लीला मोपाला धाडतात. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023मध्ये सुरू झाला आणि पेडण्याचा शांत माळ एकदम पालमच्या शेजारी आला. तक्रार करायला आम्हा मराठी लोकांना तोंड नाही म्हणा. 1737मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकला, तालकटोऱ्यापाशी मराठ्यांचा तळ पडला. फेब्रुवारी 2025मध्ये साहित्य संमेलन भरवून आम्ही तालकटोऱ्यावर पुन्हा तळ दिला आणि भाषणं केली. दिल्लीकर उलट स्वारी करतात ती थेट कळंगुटवर, आणि भाषणं करत नाहीत. स्पीकर घेऊन जातात.

तिथे काय करतात? तेच. शेजाऱ्यांच्या फोनमधले गोव्याचे फोटो मी काळजीपूर्वक पाहिले आहेत. पहिल्या फोटोत विमानाचा पंख. दुसऱ्यात भाड्याची थार, काळ्या पाटीवर पिवळे आकडे. तिसऱ्यात बटर चिकन, दाल मखनी, तंदुरी रोटी. चौथ्यात स्वतः शेजारी, पाठीमागे निळसर काहीतरी. तो समुद्र असावा. पाचव्यापासून विसाव्यापर्यंत क्लब. आत अंधार, जांभळे दिवे आणि पंजाबी गाणं. हा फोटो गुडगावच्या सायबर हबचा आहे असं सांगितलं असतं तरी मी मान डोलावली असती. दिल्लीकराला समुद्र नको असतो. त्याला समुद्राशेजारी दिल्ली हवी असते, व्हॅले पार्किंगसकट. थार घेऊन तो वाळूवर उतरतो तेही याच हिशोबाने: रस्ता संपला असं त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मोरजी-हणजूणकडे दर मोसमात एखादी गाडी ओल्या वाळूत रुतते, भरती चढते, ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि मालक पोलिसांना विचारतो, तुम्हाला ठाऊक आहे का माझे वडील कोण आहेत?

परत यायचा कंटाळा आला की दिल्ली तिथेच घर घेते. आसगाव आता एवढं दिल्लीचं झालंय की जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घराच्या सोप्यावर ग्रेटर कैलासच्या लोकांना ग्रेटर कैलासचेच लोक भेटतात आणि दोघंही म्हणतात, इथली शांतता किती छान. गोवेकर अशांना भायले म्हणतात आणि जमिनीचे भाव बघून दार लावून घेतात.

कळंगुटचे आमदार मायकल लोबो यांनी फेब्रुवारी 2025मध्ये परदेशी पाहुणे का रोडावले याचा छडा लावला. युक्रेनचं युद्ध वगैरे कारणांबरोबर त्यांनी दोन गुन्हेगार नाव घेऊन सांगितले: किनाऱ्यावरच्या शॅकमधला वडापाव आणि इडली-सांबार. मराठी माणसाचं ऊर अभिमानानं भरून यावं असाच हा क्षण. युक्रेनच्या युद्धाच्या बरोबरीने वडापाव! पण चौकशी एकतर्फी झाली, हे म्हणणं भाग आहे. वडापाव हातगाडीवरचा गरीब, लगेच सापडला. बटर चिकन मोठ्या घरचं, त्याला साधी नोटीससुद्धा नाही.

एका रात्रीवर मात्र विनोद करवत नाही. डिसेंबर 2025मध्ये हडफड्यात दिल्लीच्या मालकांचा एक नाइटक्लब मध्यरात्री पेटला आणि 25 माणसं गेली. बहुतेक जण तिथे नाचायला आलेले नव्हतेच. दूरच्या राज्यांतून येऊन स्वयंपाकघरात राबणारे, भांडी घासणारे होते. पुढल्याच शनिवारचं बुकिंग दिल्लीकरांनी दुसऱ्या क्लबात केलं.

या वर्षी शेजाऱ्यांनी गाठलं तेव्हा मी गोव्याचं नाव काढलं नाही, मालवण सांगितलं. गोव्याने पुष्कळ सोसलंय आणि मालवणी माणूस स्वतःची काळजी घ्यायला समर्थ आहे. शेजारी सहकुटुंब गेले. होडीतून सिंधुदुर्ग किल्ला झाला, तारकर्लीला पाण्याखाली डोकं घालून झालं, सुरमई खाऊन झाली. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी घरवाल्या काकांना तो प्रश्न विचारलाच: "अंकलजी, यहाँ नाइटलाइफ क्या है?"

काका म्हणाले, "आसा ना. आजच आसा. जत्रा."

रात्री बारा वाजता पालखी फिरली, मग देवळापुढच्या मांडवात दशावतार सुरू झाला. पेटी, पखवाज, झांज. गणपती येऊन गेला, काळ्याकुट्ट वेशातला संकासुर आला आणि त्याने समोरच बसलेल्या शेजाऱ्यांच्या टीशर्टावरून मालवणीत काहीतरी टोमणा हाणला. सगळा मांडव हसला. शेजारीही हसले, कळलं काहीच नव्हतं. पुढे आख्यानात राणी आली. ती पुरुष आहे हे कळल्यावर वहिनींनी तिची साडी कुठे मिळाली ते विचारून घ्यायला सांगितलं. नटांच्या हातात लिहिलेलं नाटक नसतं, सगळे संवाद जागच्या जागी सुचतात, हे काकांनी सांगितलं तेव्हा शेजारी गप्प झाले. खाजं खात, चहा पीत, पहाटेपर्यंत बसले. कव्हर चार्ज कुणी मागितला नाही म्हणून दोनदा चौकशी केली.

सकाळी मला फोन. मागे समुद्राचा आवाज, म्हणजे पहिल्यांदाच खराखुरा. "भाईसाहब, कंटेंट ज़बरदस्त है. बस टाइमिंग ग़लत है. इसको शनिवार शाम सात से दस रखो, सनसेट के साथ. दिल्ली से प्लेन भर के लोग आएँगे. ज़रा अंकलजी को अपनी भाषा में समझाओ."

फोन काकांच्या हातात गेला. मी समजावलं. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अहो, जत्रा तिथीर असता, वारार नाय."

मी हे शेजाऱ्यांना हिंदीत सांगितलं. त्यांनी विचार केला आणि विचारलं, "ठीक है. तो तिथि शिफ़्ट कराने का कितना लेंगे?"