ऑटो किती वाजता?

एमबीएच्या दुसऱ्या वर्षी मार्केटिंग, फायनान्स, एचआर यांतलं एक निवडावं लागतं. मार्केटिंगला फिरणं आलं, फायनान्सला गणित आलं. उरलेलं मी घेतलं आणि मुलाखतीसाठी 'मला माणसांची आवड आहे' हे कारण पाठ करून ठेवलं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव असलेल्या नागपूर विद्यापीठात हा विषय शिकायचा म्हणजे आधी मास्लोला शरण जायचं. गरजांचा पिरॅमिड: तळाशी अन्नपाणी, टोकावर स्वतःतलं सगळं फुलून येणं. गंमत म्हणजे १९४३च्या मूळ लेखात मास्लोनं पिरॅमिड काढलेलाच नाही. तो मागून आलेल्यांनी काढला. पेपरात मात्र आकृती नसली की मार्क कापतात. खुद्द मास्लो बसला असता तर काठावर सुटला असता.

मग हॉथॉर्न. शिकागोजवळच्या त्या कारखान्यात १९२४ ते १९३२ प्रयोग चालले. उजेड वाढवला तर काम वाढलं, कमी केला तरी वाढलं. आपल्याकडे कुणी लक्ष देतंय म्हटलं की माणूस जोमानं राबतो, असा त्यातून अर्थ काढला गेला. अर्थ काढणाऱ्यांनी भंडाऱ्याची रोवणी पाहिलेली नव्हती. इथं मालक छत्री घेऊन धुऱ्यावर बसला रे बसला, की सगळ्या बायांच्या कमरा एकदम भरून येतात.

नातेवाइकांच्या लेखी एचआर म्हणजे नोकऱ्या वाटणारं खातं. जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचं सनफ्लॅग, गडेगावचं अशोक लेलँड, तुमसरकडची चिखल्याची मँगनीज खाण, हे पत्ते इथं शेंबड्या पोरालाही पाठ. "लेलँडात एक शब्द टाक न बाई, तुह्याच हातात हाय," मामा म्हणाले. माझ्या हातात तेव्हा हॉल तिकीट होतं. तरी मी बायोडेटा ठेवून घेतला. नाही म्हणणं अभ्यासक्रमात नव्हतं.

जुलैत बाबांनी मला रोवणीच्या बाया ठरवायला धाडलं. शिकलेली पोर, शिवाय बायांशी बाईनं बोललेलं बरं. टोळीच्या मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी माझी मुलाखत सुरू केली.

"पऱ्हे उपटून हायेत का?"

"आहेत."

"चिखलणी?"

"काल झाली."

"बांधीत पानी किती?"

मी घोट्याच्या वर बोट ठेवलं. त्यांनी नापसंतीनं एक खडा फेकला.

"गुत्ता का रोजी?"

मी वेतनरचनेवर बोलायला तोंड उघडणार, तोच पुढचा प्रश्न आला: "चहा किती डाव?" १९४८च्या कारखाने कायद्यात अडीचशेहून जास्त कामगार असले की कँटीन लागायचं. मावशींच्या कायद्यात दहा बायांना दोनदा चहा, तोही दुधाचा.

"काय शिकून राह्यली व तू?"

"माणसांचं व्यवस्थापन."

"बरं हाय. मंग ऑटो किती वाजता धाडतं?"

सात ठरले. सकाळी आमचा ऑटो पोचला तेव्हा ओटा रिकामा होता. शेजारच्या शेतकऱ्यानं साडेसहालाच ऑटो धाडून अख्खी टोळी उचलली होती, रोजीत दहा रुपये वाढवून. पुस्तकात यावर एक्झिट इंटरव्ह्यू हा उपाय दिलाय: सोडून जाणाऱ्याला कारण विचारावं. मी फोन लावला.

"दहा रुपयांसाठी गेलात का मावशी?"

"दहाचं काय घेऊन बसली व! त्याच्या ऑटोत गाने वाजते."

हर्झबर्गनं १९५९ साली निक्षून सांगितलंय की सोयीसुविधांनी फक्त कुरकुर थांबते, कामाची उमेद वाढत नाही. हे मी बाबांना समजावून सांगत होते. त्यांनी अर्धं ऐकलं आणि ऑटोवाल्याला स्पीकर बसवायला पैसे दिले. गुरुवारी मावशींची टोळी आमच्या बांधीत होती, आणि ऑटोवाला धुऱ्यावर बसून बायांच्या फर्माइशी घेत होता.