साडेचारचा डोंगा

माझा साळा कॅरिबियन बेटं पाहून आला त्याला आठ महिने झाले, पण तो अजून पुरता परतलेला नाही. नागपुरात त्याच्या घरी गेलं की "चला भाऊजी, वरच्या डेकवर बसू" म्हणत तो आम्हाला गच्चीवर नेतो. पाण्याची टाकी आणि वाळत घातलेल्या कुरडया यांच्यामधून वाट काढत आपण बसायचं, आणि त्याने फोन काढायचा. फोनमध्ये फोटो अकराशे चाळीस. त्यातल्या नऊशे फोटोंत साळा आहे, बाकीच्यांत जेवण.

न्यू जर्सीतल्या लेकाने आईबापांना ही जलयात्रा घडवली. सान हुआनहून निघायचं. सेंट थॉमस, अँटिग्वा, सेंट लुशिया, बार्बाडोस, सेंट मार्टिन असं करत सात दिवसांनी परत सान हुआनला यायचं. रात्री जहाज चालणार, सकाळी कुठल्यातरी बेटाला लागणार, आणि मग "शोर एक्सकर्शन". विदर्भातल्या माणसाला शोर म्हटलं की हिंदीतलाच आठवतो. "म्हंजे इतका पैसा घालून तिथंही गोंगाटच?" बायकोने विचारलं. साळा केविलवाणा हसला. "अगं ताई, शोर म्हणजे किनारा. किनाऱ्यावर उतरून फेरफटका."

फेरफटका किती वेळ, तर सहा तास. कुठे आठ, कुठे पाच. उतरताना गळ्यातलं कार्ड मशीनला दाखवायचं आणि "ऑल अबोर्ड साडेचार" हे मनात घोकत बेट पाहायचं. घड्याळ जहाजाचं पाळायचं, बेटाचं नाही. दोन्हींत कधीकधी तासाचा फरक असतो आणि तिथेच माणसं फसतात. मी दोनच मिनिटं ऐकलं आणि ओळखलं. ही एसटी आहे.

आयुष्यभर मी एसटीने फिरलो. गाडी स्टँडला लागते, कंडक्टर दाराची कडी वाजवून ओरडतो, "चहापाण्याला धा मिनिटं!" आणि माणसं तीन दिशांना पांगतात. त्या हिशेबाने मी साकोली चाळीस वेळा पाहिली आहे. साकोली म्हणजे एक मुतारी, एक कॅन्टीन, एक कायम बंद असलेलं पुस्तकांचं दुकान आणि फळ्यावर खडूने लिहिलेलं वेळापत्रक. यापलीकडे तिथे माणसं राहतात, लग्नं होतात, धान पिकतो, हे मला शासकीय कागदपत्रांवरून माहीत आहे. साळ्याने तसंच सेंट थॉमस पाहिलं. तिथे शार्लट अमालीच्या धक्क्याजवळ एकाला लागून एक हिऱ्यांची दुकानं आहेत म्हणे. वहिनी तीन तास दुकानांत होत्या, साळा तीन तास दुकानांबाहेर. त्याचं सेंट थॉमस म्हणजे एक लोखंडी बाक.

एसटीत आणि क्रूझमध्ये एकच फरक. कंडक्टर निदान माणसं मोजतो आणि "ते मागच्या सीटवाले काका कुठं गेले?" असं विचारतो. जहाजाचा नियम पक्का आहे: कंपनीची सहल घेतली आणि ती अडकली, तर जहाज थांबेल, चार डॉलर वाचवून स्वतःच्या हिमतीवर टॅक्सी केली, तर तुमचं तुम्ही बघा. मग उशीर झालेली माणसं हातात चपला घेऊन धक्क्यावरून धावतात आणि वर डेकवरची जनता टाळ्या पिटत त्यांचं शूटिंग करते. या धावणाऱ्यांना नावसुद्धा आहे, पियर रनर. साळ्याकडे असे तीन व्हिडिओ होते. तिसऱ्यात एक जाड गृहस्थ नारळ बगलेत मारून पळत होता. नारळ त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. मला तो माणूस आमच्या भंडारा जिल्ह्यातला वाटला.

आता जहाजंही काय एकेक! 2024 च्या जानेवारीत मायामीहून निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'ला वीस मजले आहेत आणि त्यात साडेसात हजारांवर प्रवासी मावतात. म्हणजे आमच्या पवनी गावाचा तिसरा हिस्सा उचलून पाण्यावर ठेवला, वर घसरगुंड्या बसवल्या आणि सगळ्यांना एकाच वेळी भूक लागली. एवढी माणसं एका बेटावर उतरली की बेटाचं काय होत असेल, हे भागवत सप्ताहाच्या काल्याला ज्यांनी पंगत वाढली आहे त्यांनाच कळेल. काही कंपन्यांनी यावर तोड काढली आणि आपापली बेटंच घेऊन टाकली. बहामामधलं ग्रेट स्टिरप के हे बेट एका कंपनीने 1977 साली घेतलं, मग इतरांनीही घेतली. तिथे वाळू कंपनीची, छत्री कंपनीची, गाणारा माणूस कंपनीचा. आमच्याकडे हे जुनंच आहे. आम्ही त्याला मालगुजारी म्हणायचो. फरक इतकाच की आमचे मालगुजार गेले आणि तलाव राहिले. 'माजी मालगुजारी'चं लोकांनी 'मामा' केलं आणि शेकड्यांनी मामा तलाव आजही धानाला पाणी पाजताहेत. त्या बेटांचे मामा जातील तेव्हा मागे काय राहील? घसरगुंड्या, बहुतेक.

पण माझं आणि साळ्याचं बिनसलं ते बार्बाडोसवरून.

वेस्ट इंडीज हा माझा विषय आहे. पवनीच्या शाळेत बावीस वर्षं मी भूगोल शिकवला आणि दरवर्षी ती बेटं नकाशावर छडीने दाखवली. दाखवून दाखवून तिथे भोक पडलं आणि अँटिग्वा कायमचं गेलं. त्याच्याही आधी, 1971 साली आपला क्रिकेट संघ तिकडे खेळायला गेला तेव्हा मी चौथीत होतो. नागपूरहून येणारा पेपर वडील आधी वाचायचे, मग काका, मग मला मिळायचा. किंग्स्टन, ब्रिजटाऊन, जॉर्जटाऊन, पोर्ट ऑफ स्पेन ही नावं मी तुमसर, मोहाडी, लाखनीच्या आधी शिकलो. किंग्स्टन म्हणजे सरदेसाईंचे 212. पोर्ट ऑफ स्पेन म्हणजे आपण तिथे जिंकलेला पहिला सामना, आणि शेवटच्या कसोटीत गावसकरचे 124 आणि 220. चार कसोटींत 774 धावा केलेल्या त्या पोरावर तिथल्या लॉर्ड रिलेटर नावाच्या गायकाने कॅलिप्सो रचला. ब्रिजटाऊनला सरदेसाईंचे दीडशे, आणि त्याच ब्रिजटाऊनला 1997 साली जिंकायला 120 हव्या असताना आपण 81 मध्ये गारद! त्या रात्री मी टीव्ही बंद केला नाही, नुसता भिंतीकडे वळवला.

"मग केन्सिंग्टन ओव्हल कसं आहे?" मी विचारलं.

"काय आहे ते?"

"अरे, बार्बाडोसचं मैदान! तुझं जहाज लागलं त्या बंदराच्या अगदी जवळ!"

"आम्ही कासवं पाहायला गेलो होतो, भाऊजी." कार्लाईल बे नावाच्या खाडीत म्हणे बुडालेली जहाजं आहेत. डोळ्यांना चष्मा लावून पाण्यात तोंड घालायचं आणि ती पाहायची. डॉलर मोजून हा माणूस बुडालेलं जहाज पाहून आला आणि सरदेसाईंच्या मैदानावरून तसाच पुढे गेला. वर मला फ्रिजला लावायचं चुंबक दिलं, त्यावर कासव.

मी बोलायला नको होतं ते बोललो. "तुम्ही लोक गाव पाहात नाही, गावाला हात लावून येता. हुतूतूसारखं."

साळा शांतपणे म्हणाला, "पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर काय आहे, भाऊजी?"

"स्तूप. 1969-70 साली तिथं उत्खनन झालं. फार मोठा..."

"तुम्ही वर कितीदा गेलात?"

बायको कुरडया उलटायला उठली. बावीस वर्षं मी त्या टेकडीच्या बाजूने सायकलने शाळेत गेलो. वर्गात धडा घ्यायचो, तेव्हा खिडकीतून बोट करायचो. वर जाण्याचं काम मी पोरांवर सोपवलं होतं.

त्या अपमानातूनच आमच्या क्रूझची कल्पना निघाली. मी जाहीर केलं: येत्या रविवारी, वैनगंगेवर, सर्व खर्च माझा.

भंडाऱ्याला समुद्र नाही. पण गोसीखुर्दचं धरण आहे. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा खर्च सांगितला होता 372 कोटी. नंतर त्यात इतकी शून्यं आणि इतकी वर्षं मिसळली की आता तो आकडा विचारणाऱ्याला आम्ही पाहुणा समजतो. त्या धरणाच्या फुगवट्याने नदीचा समुद्र झाला आहे. वर आंभोरा, जिथे वैनगंगेला कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी मिळतात; काठाला चैतन्येश्वराचं देऊळ. आद्यकवी मुकुंदराजांनी 'विवेकसिंधू' इथेच रचला असं आम्ही धरून चालतो. अंबाजोगाईचे लोक वेगळं म्हणतात, म्हणोत. ज्यांच्याकडे समुद्र नाही त्यांनी निदान ग्रंथाच्या नावात तरी सिंधू ठेवावा की नाही? शिवाय आंभोरा पडतं नागपूर जिल्ह्यात, म्हणजे आमच्यासाठी परदेश. बायकोने सगळ्यांची आधार कार्डं घेतली.

भंडाऱ्याच्या काठावरून डोंगा ठरवला. डोंग्याला शेतातल्या पंपाचं इंजिन, त्यावर गोणपाट, आणि लाइफ जॅकेटला मागच्या सगळ्या पर्यटकांचा वास. साळ्याने जॅकेटच्या सगळ्या पट्ट्या आवळल्या आणि "मस्टर ड्रिल, म्हणजे बुडण्याआधीची कवायत, कुठे होणार?" असं विचारलं. नावाडी म्हणाला, "होईल जी, तिकडं गेल्यावर." सांबारवडी, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि चिवडा असा बुफे बायकोच्या मांडीवर होता. वहिनींनी सनस्क्रीन लावलं, नावाड्याने तंबाखू.

मधोमध पाण्यात वाळलेली झाडं उभी होती, नुसते सांगाडे, आणि प्रत्येक शेंड्यावर एकेक पाणकावळा. साळा फोटो घेऊ लागला. नावाड्याने इंजिन बारीक केलं.

"इथं शाळा होती आमची," तो म्हणाला. "आपला डोंगा आता शाळेवरून चालला जी."

आम्ही सगळे खाली पाहू लागलो. पाणी हिरवट, एक वीतही दिसेना. "ते झाड दिसते का? त्याच्या खाली माहा काकाचं घर. आता पलीकडं पुनर्वसनात रायतो." साळ्याने फोन खिशात टाकला. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग बायकोने नावाड्यापुढे वडे केले. त्याने दोन घेतले आणि इंजिनाचा आवाज पुन्हा वाढवला.

आंभोऱ्याला उतरताना तो म्हणाला, "साडेचारला डोंगा सुटनार. मंग डोंगा कोनासाठी थांबत नाही." हे वाक्य ऐकून साळ्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जसं सात समुद्रापार माहेरचं माणूस भेटावं. त्याने आपलं घड्याळ नावाड्याच्या मोबाइलशी जुळवलं.

मला मात्र सूड घ्यायचा होता. बेट असं पाहून दाखवायचं की या माणसाने पुन्हा कासवाचं नाव काढू नये. देवळात मी प्रत्येक खांबाशी थांबलो. मुकुंदराजांबद्दल पुजाऱ्याला चार प्रश्न विचारले. त्याने मला पाच विचारले, त्यांतले तीन माझ्या पेन्शनबद्दल. पाच नद्यांपैकी कुठली कुठून येते हे मी एका जोडप्याला छडीशिवाय समजावलं. आम आणि मुर्झा यांची अदलाबदल झाली, पण ते पुण्याचे होते, चालून गेलं. घड्याळ पाहिलं तेव्हा चार तेहेतीस.

मी धावलो. चौसष्टाव्या वर्षी घाटाच्या पायऱ्या उतरून धावणं याला भूगोलात काही संज्ञा नाही. हातात प्रसादाचा नारळ होता. डोंगा काठापासून वीस-पंचवीस हात आत गेलेला. मागच्या बाजूला साळा उभा, फोन आडवा धरून, आणि वहिनी टाळ्या वाजवताहेत. बायको नावाड्याला काहीतरी सांगत होती. पण तिने डबे मोजले होते, माणसं नाही, हे नंतर कळलं.

नारळ मी सोडला नाही.

मग आठवलं की 2024 पासून आंभोऱ्याला पूल आहे. चांगला तारांवर तोललेला, मनोऱ्यावर प्रेक्षकांसाठी गॅलरी असलेला पूल. डोंग्याची खरं तर कोणालाच गरज नाही. मी वर चढलो आणि आपल्या पायांनी भंडारा जिल्ह्याकडे निघालो. अर्ध्यात आलो तेव्हा खाली आमचं जहाज थांबलेलं दिसलं. नागपूरच्या सांडपाण्यावर पोसलेला हिरवागार इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत आला होता आणि त्याने पंख्याला मिठी मारली होती. नावाडी बांबूने उपसत होता, साळा कडेला वाकून हाताने पानं काढत होता, आणि वहिनींच्या मांडीवर बुफेचे रिकामे डबे.

मी कठड्याला टेकून नारळ फोडला. पाणी सांडलं, खोबरं खाल्लं. तिथून पाचही नद्या सुट्या सुट्या दिसत होत्या. कन्हानचं पाणी काळसर, वैनगंगेचं उजळ. आम कुठली आणि मुर्झा कुठली तेही त्या दिवशी कळलं. मग मी तोंडाभोवती हात धरून खाली ओरडलो, "पाच वाजले! पूल कोनासाठी थांबत नाही!"

रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर साळ्याचा व्हिडिओ आला. अकरा सेकंदांचा. खाली लिहिलं होतं: 'आंभोरा पोर्ट, पियर रनर नंबर चार.' न्यू जर्सीहून भाच्याने लगेच विचारलं, मामाजींनी नारळ का नाही टाकला?