चित्राला करपा

खान्देशात जलरंगाचं चित्र काढायचं तर पहाटे काढावं, नाहीतर थेट श्रावणाची वाट पाहावी. एरवी कागदावर आभाळाचा ओला हात फिरवून दुसऱ्या रंगात ब्रश बुडवेपर्यंत आभाळ वाळलेलं असतं. ओल्या रंगात ओला रंग कसा सोडावा यावर जाडजूड पुस्तकं आहेत. ती लिहिणाऱ्यांनी मे महिन्यात एकदा जळगावला यावं, पारा ४५च्या पुढे असताना माझ्या पत्र्याच्या खोलीत बसावं आणि एक ढग काढून दाखवावा. जेवण माझ्याकडे. रंगात ग्लिसरीनचे थेंब टाकले की वाळणं जरा लांबतं. ॲक्रिलिकसाठी रिटार्डर मिळतो, त्याच्या बाटलीवर 'गरजेनुसार वापरा' असं लिहिलेलं असतं. माझी गरज त्या बाटलीत मावत नाही. कूलर लावावा तर कागद फुगतो आणि बंद करावा तर चित्रकार सुकतो.

मुंबईच्या एका समीक्षकाला माझ्या निसर्गचित्रांतल्या 'तुटक, अधीर फटकाऱ्यां'त आजच्या माणसाची अस्वस्थता दिसली होती. अस्वस्थता खरीच होती. दुपारी लाइट गेली होती.

स्टुडिओ म्हणजे आमच्या गच्चीवरची खोली. जिन्याला मध्येच एक काटकोनी वळण आहे. त्यातून ठरावीक मापापेक्षा मोठा कॅनव्हास वर जात नाही, आणि वर ताणून तयार केला तर खाली येत नाही. धुळ्याला गेलो की हमखास कोणीतरी राम सुतारांचं नाव काढतं. काढणारच. धुळ्याजवळच्या गोंदूरचा मुलगा जे.जे.त शिकला आणि पुढे त्यानं सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा घडवला. "तुम्हीबी काहीतरी मोठं करा ना भाऊ," असं मग मला प्रेमानं सांगितलं जातं. मी मान डोलावतो. माझ्या कलेची कमाल उंची आमच्या गवंड्यानं कधीच ठरवून टाकली आहे, हे त्यांना कुठे सांगत बसू?

बरं, ही गच्ची तरी वर्षभर माझी असावी! होळी झाली की तिचा ताबा बायकांकडे जातो. ज्वारीचे बिबडे, कुरडया, उडदाचे पापड, शेवया. जुन्या लुगड्यांवर सगळा संसार अंथरलेला, आणि मी कडेकडेनं पाय टाकत कामावर जातो. टर्पेंटाइनचा वास बिबड्यांना लागतो अशी शेजारच्या काकूंची तक्रार आहे. माझ्या ताज्या कॅनव्हासला ज्वारीचं पीठ लागतं, ही तक्रार मात्र कोणी नोंदवून घेत नाही.

तरी काकूंनी माझ्या एका चित्राला कायमचं काम मिळवून दिलं. आमच्या जिल्ह्यात पतसंस्थांचा सुकाळ होता, त्या काळात माझी कमाई चेअरमन लोकांच्या तैलचित्रांवर चालायची. कोट, फेटा, मागे मखमली पडदा आणि नजर थेट ठेवीदाराच्या डोळ्यांत. असंच एक पोर्ट्रेट तयार झालं, वॉर्निश झालं, आणि न्यायला माणूस येईपर्यंत ती पतसंस्थाच बुडाली. चित्र माझ्याकडे राहिलं. काकूंची ठेव तिकडे राहिली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात काकू ते चित्र बिबड्यांच्या मधोमध खुर्चीवर उभं करतात, आणि खरं सांगतो, कावळा फिरकत नाही. "एवढं तरी काम करू दे मेल्याला," काकू म्हणतात. नजर पकडण्यात माझा हातखंडा आहे असं गुरुजी म्हणायचे, त्याचा याहून सज्जड पुरावा मला अजून मिळालेला नाही.

आमच्या भागात चित्रकारानं कसं जगावं, याचे दोन नमुने होऊन गेले आहेत. पहिला मेजर रॉबर्ट गिल. १८४४ साली कंपनी सरकारनं या लष्करी माणसाला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला पाठवलं. लेण्या आज शेजारच्या जिल्ह्यात मोडतात, पण जळगावहून साठेक किलोमीटरवर, म्हणजे आमच्या पाहुण्यांना दाखवायला हक्काच्या. गिलनं जवळजवळ वीस वर्षं तिथे काढली. जंगल, ताप, अंधारी गुहा, आरशानं आत घेतलेला उजेड. मोठाले कॅनव्हास तैलरंगात रंगवून त्यानं विलायतेला रवाना केले. तिथे सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांचं प्रदर्शन मांडलं, आणि १८६६च्या डिसेंबरात आग लागून मोजकी सोडता सगळी चित्रं खाक झाली. मग जे.जे.चे जॉन ग्रिफिथ्स १८७२ साली विद्यार्थी घेऊन आले आणि पुन्हा वर्षानुवर्षं नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या. १८८५ साली तिथेही आग लागली आणि त्यातल्या बऱ्याच गेल्या. मूळ चित्रं मात्र शेण-माती-भुशाच्या गिलाव्यावर, वटवाघळांच्या सोबतीनं दीड हजार वर्षं जागच्या जागी. त्यामुळे "तुम्ही परदेशात का नाही पाठवत चित्रं?" असं कोणी विचारलं की मी फक्त या दोन तारखा सांगतो.

गिल परत गेलाच नाही. १८७९ साली तो वारला आणि भुसावळला त्याची कबर आहे. त्याची नि पारोची प्रेमकथा ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या काव्यामुळे महाराष्ट्रभर झाली. लोकांना त्याचं प्रेम माहीत आहे. वीस वर्षांच्या कामाचं बिल कसं वसूल झालं असेल, हा प्रश्न फक्त मला पडतो.

दुसरा नमुना चाळीसगावचे केकी मूस. १९१२ ते १९८९. मुंबईच्या सुखवस्तू पारशी घरातला माणूस, विलायतेत कला शिकून आला आणि चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनाजवळच्या बंगल्यात जो आत शिरला तो जन्मभर बाहेर पडायला राजी नसे. टेबलावर इवलेसे देखावे मांडून त्यांचे असे फोटो काढायचा की बघणाऱ्याला सगळा मुलुख समोर दिसावा. बक्षिसं जगभरातून घरपोच येत. रात्रीच्या पंजाब मेलच्या वेळी दार उघडून तो कोणाची तरी वाट पाहत असे, असंही सांगतात. मला त्या दंतकथेपेक्षा त्याच्या व्यवस्थापनाचं जास्त कौतुक वाटतं. उद्घाटन नाही, निमंत्रणपत्रिका नाहीत, हार-तुरे नाहीत, टेम्पो नाही. ज्याला बघायचं तो चाळीसगावला उतरेल. मीही एकदा घरी जाहीर केलं की यापुढे मी केकी मूस होणार, घराबाहेर पडणार नाही. "मग गिरणीवर कोण जाणार?" एवढंच उत्तर आलं आणि तो कालखंड संपला.

तेव्हा उरलं प्रदर्शन.

मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली आणि आज तिथे तारीख मिळायला काही वर्षं थांबावं लागतं, हे सगळ्या चित्रकारांना पाठ आहे. दरम्यान मी दुसऱ्या एका लहान गॅलरीत आठवडाभर चित्रं लावून आलो. रात्रीच्या गाडीनं, साइड बर्थखाली जुन्या चादरींत गुंडाळलेले कॅनव्हास. (जिन्याच्या वळणानंतर माझ्या कलेला आकार देणारी दुसरी शक्ती म्हणजे ही बर्थखालची जागा.) मुंबईचे रसिक फार सभ्य. हात मागे बांधून येतात, प्रत्येक चित्रापुढे सारखाच वेळ थांबतात, "इंटरेस्टिंग" म्हणतात आणि एसीच्या झोतातून बाहेर पडतात. कोणी काही विचारत नाही. चौथ्या दिवशी एका गृहस्थांनी जवळ येऊन हळूच विचारलं तेव्हा मला भरून आलं. त्यांना स्वच्छतागृह हवं होतं.

जळगावात असं होत नाही. इथे माणूस दारातूनच विचारतो, "काय भो, काय लावी राह्यला?" उद्घाटनाला समई पेटवायची म्हणून पंखे बंद करतात, त्या उकाड्यात प्रमुख पाहुणे इंटरमिजिएटला त्यांना कशी ए ग्रेड मिळाली होती ते सविस्तर सांगतात. पालक मुलांना घेऊन येतात, कारण त्या परीक्षेचे दहावीला वाढीव गुण मिळतात. चित्रांकडे पाठ करून ते मला क्लासची फी विचारतात. दुपारी एक ते चार गर्दी सर्वांत जास्त, कारण त्या वेळी बाजारातली एवढी गार जागा दुसरी नाही. मी कोणालाही उठवत नाही. बसल्या बसल्या माणसाची नजर भिंतीकडे जातेच.

आणि मग किंमत. जळगाव सोन्याचं गाव, इथे पु. ना. गाडगीळांसारख्या सराफांचंच कलादालन आहे. इथला माणूस रोज सकाळी भाव बघूनच चहा घेतो. त्याच्यापुढे चित्राची किंमत सांगणं ही तोंडी परीक्षा असते. माझ्या मागच्या प्रदर्शनात एक सराफ बराच वेळ एका चित्राकडे बघत होते. पापी नजर नव्हती, पारखी होती.

"कापड कितीचं?"

सांगितलं.

"रंग? फ्रेम?"

तेही सांगितलं.

"म्हणजे बाकी सगळी मजुरी."

"हो."

"मजुरी जास्त लावता तुम्ही," ते म्हणाले. "आणि मोड? पाच वर्षांनी आणून दिलं तर काय भावानं घ्याल?"

माझ्या चित्रकलेवर आजवर झालेली ही सर्वांत मुद्देसूद चर्चा. मुंबईचे क्युरेटर कलाबाजार म्हणून पानंच्या पानं लिहितात, त्यातला कळीचा प्रश्न या माणसानं उभ्या उभ्या विचारला होता. मी म्हटलं, मोड नाही, पण घटही धरत नाही. ते हसले, पण घेतलं नाही. सोन्याच्या गावात हे असं चालायचंच.

धुळ्याच्या प्रदर्शनाला जाताना चित्रं छोट्या हत्तीत घालून नेली. एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर. लोक अजून त्याला सहा नंबर हायवेच म्हणतात. टेम्पोवाला आदल्या दिवशी केळी उतरवून आला होता, त्यामुळे हौद्यात वाळलेली पानं पसरलेली. "काचेचं सामान आहे का?" त्यानं विचारलं. चित्रं आहेत म्हटल्यावर तो निर्धास्त झाला आणि गाडी तशीच हाणली.

धुळेकर जळगावकरांपेक्षाही थेट. हॉलबाहेर उसाच्या रसाची गाडी, तिथून ग्लास हातात घेऊन लोक आत येतात. माझं एक अमूर्त चित्र होतं, काळ्यावर तांबडं. त्याच्यापुढे एक म्हातारबाबा थबकले. "हाई काय शे भाऊ?" मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला काय दिसतं?" हे आम्हाला कला महाविद्यालयात शिकवलेलं उत्तर. बाबा म्हणाले, "माले इचारू नको. काढं तू शे." यानंतर मी ते उत्तर देणं सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी रावेरकडचे एक केळी बागायतदार आबा लग्नाच्या बस्त्यासाठी धुळ्याला आले होते, ते बायकांना दुकानात सोडून वेळ काढायला आत शिरले. माझं सगळ्यात मोठं चित्र केळीच्या बागेचं होतं. दुपारचं ऊन पानांतून गळतंय, पानं पारदर्शक झालीत, आणि हिरव्यावर मी पिवळे, तपकिरी ठिपके फार प्रेमानं सोडले होते. कॅटलॉगमध्ये त्याला 'प्रकाशाची पडझड' असं नाव होतं. आबा जवळ गेले. मागे झाले. पुन्हा जवळ गेले. चष्मा पुसला. इतका वेळ माझ्या चित्रापुढे आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं. मी हळूच शेजारी जाऊन उभा राहिलो.

"करपा आहे," आबा म्हणाले.

"काय?"

"करपा. सिगाटोका. हे बघा, खालच्या पानांपासून सुरू झालाय. इथे वरपर्यंत चढलाय. फवारणी केली नाही का?"

मी म्हटलं, आबा, ते ऊन आहे.

"ऊन असं पडत नाही," ते म्हणाले. "आणि हा घड. एवढ्या झाडाला घड एवढाच? फण्या मोजल्या का? झाड उंच आहे, म्हणजे बसराई नाही. ग्रँड नैन धरलं तर घड दुप्पट पाहिजे. भाऊ, हा शेतकरी बुडाला." मग आवाज खाली आणून, "बाकी हात चांगला आहे तुमचा. बाग ओळखू येते. जमीन तर आमच्याचकडची दिसते."

ती जमीन खरंच यावल-रावेरच्या मधलीच होती. चार सकाळी तिथे बांधावर बसून मी तिचा काळा रंग जुळवला होता, आणि हे एकाही समीक्षकाच्या लक्षात आलं नव्हतं.

आबांनी किंमत विचारली. ऐकून गप्प झाले. मनातल्या मनात क्विंटलमध्ये हिशोब केला असावा. मग म्हणाले, "घेतो. नव्या घराच्या हॉलमध्ये लावायचंय. पण लग्नाचं घर आहे, पाहुणे येतील, सगळे बागायतदार. भिंतीवर रोगाची बाग कशी लावू? करपा काढून द्या."

कलेच्या स्वातंत्र्यावर मी दोन वाक्यं बोललो. आबांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि खिशातून विसाराच्या नोटा काढल्या.

चित्र पुन्हा त्या वळणावरून जिना चढून वर आलं. कडुनिंबाखालच्या सावलीचा हिरवा घोटून मी एकेक ठिपका मिटवला, घडाला तीन फण्या वाढवल्या. बायको चहा घेऊन आली, बघून म्हणाली, "आधीपेक्षा बरं दिसतंय." मी 'प्रकाशाची पडझड' खोडून नुसतं 'बाग' लिहिलं.

लग्नानंतर आबांचा फोन आला. चित्र पाहुण्यांनी फार नावाजलं होतं. व्याह्यांना तसंच एक हवं आहे, पण त्यांची लागवड टिश्यू कल्चरची आहे, पाच बाय पाचवर, आणि ठिबकच्या नळ्या दिसल्याच पाहिजेत, नाहीतर त्यांच्याकडे कोरडवाहू आहे असं वाटेल. मी होकार दिला. नळ्यांसाठी काळा मागवला आहे. एकच अडचण आहे: व्याही म्हणतात झाडं निदान चाळीस दिसावीत, आणि चाळीस झाडं माझ्या जिन्यातून जात नाहीत.